बीम, स्लॅब, गॅलरी: ताण कुठे आणि दाब कुठे ते कसं ओळखायचं

घराचं रिपेरिंग काढलंय किंवा सोसायटीच्या कमिटीवर आहात तर एवढं शिकूनच घ्या, त्याला इंजिनिअर असावं लागत नाही.

गाडी धुवायचा जाड स्पंज घ्या, बाजूवर मार्करने बोटभर अंतराने उभ्या रेघा मारा, दोन डब्यांवर आडवा ठेवून मधे दाबा. वर रेघा जवळ येतात तो दाब, खाली फाकतात तो ताण. बीम असाच वाकतो, फक्त डोळ्याला दिसत नाही. काँक्रीट दाबाला पक्कं, एम२५ प्रतीचं काँक्रीट म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन, पण ताणाला त्याच्या साधारण दहावा हिस्साच, म्हणून रेघा फाकतात तिथे सळई, म्हणजे बीममध्ये खाली. (मुंबईच्या फोर्ट भागातल्या जुन्या दगडी कमानींना सळई लागली नाही कारण कमानीत जवळपास सगळा दाबच. सी लिंकच्या केबल नुसत्या ताणात आणि टॉवर दाबात, जाता येता बघा.)

आता तोच स्पंज अर्धा टेबलाबाहेर काढा, आतला भाग घट्ट धरा आणि बाहेरचं टोक खाली दाबा. रेघा आता वर फाकल्या ना! ही तुमची गॅलरी, छज्जाही हाच. इथे मेन सळई वरच हवी आणि आतल्या स्लॅबमध्ये बरीच लांब गेलेली हवी. काम बिघडतं ते इथेच, सळई खुर्च्यांवर, म्हणजे तिला उचलून धरणाऱ्या छोट्या आधारांवर, नीट बांधलेली असते पण काँक्रीट ओतताना माणसं तिच्यावरून चालतात, खुर्च्या दबतात, सळई खाली बसते आणि एकदा भरलं की वरून काही कळत नाही. म्हणून स्लॅब भरताना तिथे उभे राहा आणि सळईवर पाय पडू नये म्हणून फळ्या टाकायला लावा, अगदी भांडून.

जुन्या बिल्डिंगमध्ये बीमच्या मधोमध खालून उभी भेग दिसली तर ती ताणाची असू शकते. गॅलरीची भेग मात्र वर, भिंतीच्या कडेला, लाद्यांखाली लपलेली, तिथूनच पावसाचं पाणी आत जातं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. बाहेरची कड खाली झुकलेली वाटली तर मातीच्या जड कुंड्या लगेच हलवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, नुसतं खालून प्लास्टर मारून घेऊ नका.

मुंबईत ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच लागतं, तेव्हा ऑडिटवाल्याला सरळ विचारा, गॅलरीची वरची सळई तपासली का आणि कशी.