इंटिरिअर रेंडर प्लास्टिकसारखा दिसतोय? या चुका टाळा

‘छान झालंय, पण खरं नाही वाटत.’ रेंडर, म्हणजे संगणकावर बनवलेलं खोलीचं चित्र, बघून क्लायंट असं म्हणाला की आपला हात आधी दिव्यांकडे जातो. कोपऱ्यात एक छुपा लाइट टाक, सोफ्यामागे एक टाक, कॅमेऱ्याच्या डोक्यावर आणखी एक. कोथरूडच्या एका टू-बीएचकेच्या हॉलमध्ये मी असे चौदा दिवे लावले होते. खऱ्या हॉलमध्ये होते सहा, आणि एक मोठी खिडकी. रेंडर लख्ख उजळला, पण सावल्याच पळाल्या. सोफा जमिनीला टेकलाय की तरंगतोय, कळेना.

आता मी दिव्याला हात लावण्याआधी दोष कुणाचा ते बघतो. सगळ्या सीनवर एकच करडं मटेरियल (पृष्ठभागाचे रंग-चमक ठरवणारी सेटिंग) चढवायचं आणि असा बिनरंगी ‘क्ले रेंडर’ काढायचा. व्ही-रे आणि ब्लेंडर या दोन्ही रेंडरिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी मटेरियल ओव्हरराइडची सोय आहे. खिडकीची काच तेवढी वगळा किंवा लपवा. करड्यातही खोली खोल वाटली, कोपरे मऊ अंधारले, तर लाइटिंग ठीक आहे, गुन्हेगार मटेरियल आहे. करड्यातच चित्र सपाट असेल, तर महागातलं महाग टेक्सचर, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेलं चित्रही, त्याला वाचवणार नाही.

उजेडाचे घोळ

खोली अंधारी आणि नॉइज (चित्रातले दाणे) जाता जात नाही, अशी तक्रार असली की मी पहिल्यांदा खिडकीची काच तपासतो. साधं ग्लास मटेरियल लावलं की आत येणारा उजेड कॉस्टिक्सच्या, म्हणजे काचेतून वळून गोळा होणाऱ्या किरणांच्या, वाटेनं मोजला जातो आणि बराचसा अडकतो. व्ही-रेमध्ये रिफ्रॅक्शनखाली ‘अफेक्ट शॅडोज’ सुरू करा. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये शॅडो रेपुरती, म्हणजे सावली मोजणाऱ्या किरणांपुरती, काच ट्रान्सपरंट करा. किंवा सरळ काच काढूनच टाका. दिवसाच्या व्ह्यूत ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

ऊन कुठून येतं हे प्लॅनवरचा उत्तर दिशेचा बाण सांगतो, पण तो बघतो कोण! पुणे साधारण १८.५ अंश उत्तरेला. इथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकतो तो फक्त मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, तोही जवळपास डोक्यावरच. उत्तरेच्या खिडकीतून जमिनीवर लांबलचक दुपारचं ऊन मीही एकदा पाडलं होतं. घरातल्या काकू म्हणाल्या, ‘अहो, या बाजूला ऊन असतं तर कपडे वाळले नसते का?’ त्यानंतर त्यांनी त्या रेंडरमधल्या कशावरच विश्वास ठेवला नाही.

बाहेर भर उन्हात लाखभर लक्स (उजेडाचं माप) असतात, आत काहीशे. म्हणून आतला एक्सपोजर नीट लावला की खिडकी थोडी फुटणारच, म्हणजे पांढरीफटक होणारच, आणि ती फुटू द्यावी. बाहेरचा फोटो गडद, रंगीत ठेवला की खिडकीत कॅलेंडर टांगल्यासारखं दिसतं. मात्र फुटणं मवाळ हवं. ब्लेंडरमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म (मोजलेला उजेड पडद्यावरच्या रंगांत बदलणारी सेटिंग) ‘स्टँडर्ड’ असेल तर उजळ भाग कडक जळतात, ब्लेंडर ४.० पासून आलेला एजीएक्स हा पर्याय तिथे बराच सांभाळून घेतो.

कृत्रिम दिव्यांना आकडे अंदाजे देऊ नका. ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० लुमेन देतो, तेवढेच द्या. डाउनलाइटला आयईएस फाइल (दिव्याचा उजेड कसा पसरतो त्याची नोंद) लावली की भिंतीवर उजेडाची ती ओळखीची कमान आपोआप उमटते.

मटेरियल: इथे जास्त वेळ द्या

पांढरी भिंत म्हणजे आरजीबी २५५ (पडद्यावरचा पूर्ण पांढरा) नव्हे. चांगला पांढरा रंगही साधारण ८० टक्केच उजेड परत फेकतो. २५५ ठेवलं तर उजेड भिंतींवरून उड्या मारत राहतो, मरतच नाही. कोपऱ्यातली सावली धुऊन निघते आणि नॉइजही रेंगाळतो. सॉफ्टवेअरच्या रेखीय (उजेडाच्या प्रमाणात चालणाऱ्या) मोजणीत ०.८, म्हणजे साध्या कलर पिकरमध्ये २३० च्या आसपास, ही कमाल मर्यादा. मी २१५ वरच थांबतो. शून्य काळाही तसाच खोटा.

केशरी लॅमिनेटनं अख्खं छत केशरी केलंय? रंग सांडतो हे खरंच आहे. कॉर्नेल विद्यापीठात १९८४ साली रंगीत भिंतींची पेटी मांडून हेच दाखवलं गेलं. अति झालं तर जीआयशी (पृष्ठभागांवरून उसळणाऱ्या उजेडाच्या हिशोबाशी) झगडू नका, लॅमिनेटचा भडकपणा उतरवा.

प्लास्टिकपणाचं मुख्य कारण मात्र सगळ्यांना सारखीच चमक देणं. पॉलिश टाइल, मॅट लॅमिनेट, दाराचं पीयू पॉलिश, सोफ्याचं कापड, सगळ्यांची ग्लॉसिनेस एकच! त्यात रफनेस मॅप (खरखरीतपणाचा) आणि नॉर्मल मॅप (उंचसखलपणाचा) रंगाच्या फोटोसारखे एसआरजीबीत, म्हणजे फोटोंच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, लोड केलेले. मग मॅपमधले आकडेच बदलतात आणि तुम्ही स्लायडर हलवत रात्र काढता. ब्लेंडरमध्ये असे मॅप ‘नॉन-कलर’वर ठेवा, व्ही-रेमध्ये गॅमा १.० वर. रंगाचा मॅप तेवढा एसआरजीबीत. अर्धे ‘बिघाड’ इथेच मिटतात.

कडाही बघा. धारदार काटकोन घरात कुठेच नसतो. टेबलाच्या कडेला १-२ मिलिमीटरचा चॅम्फर (तिरपा छाट) दिला की तिथे बारीक उजेडाची रेघ पकडते आणि वस्तूला जाडी येते.

दाणे पुसणारा डीनॉइझर शेवटी, आणि बेताने. सॅम्पल (दर पिक्सेलमागे मोजलेले किरण) कमी ठेवून सगळा भार त्याच्यावर टाकला की सोफ्याची वीण पुसून मेण होतं. त्याला अल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) हे वेगळे पासही द्या.

राहिला टेक्सचरचा आकार. लॅमिनेटचं शीट ८ बाय ४ फुटांचं असतं. माझ्या एका टीव्ही पॅनलवर लाकडाची रेघ सलग अकरा फूट धावत होती, आणि तिच्यातली गाठ जेवणाच्या ताटाएवढी. डिझायनरला खटकलं नाही, क्लायंटला आवडलं. साइटवर सुतारानं प्रिंटआउट हातात धरला, टेप काढला आणि विचारलं, ‘साहेब, हे शीट कुठल्या दुकानात मिळतं?’ घरी येऊन टेक्सचर मापात आणलं, आठ फुटांवर जोड दाखवला, त्यात पितळी पट्टी घातली. क्लायंटनं नंतर ती पट्टी खरोखरच बसवून घेतली.