पांढरीच्या राखेत काळीचा हिशेब

आमच्याकडे गावाची जमीन दोन नावांनी ओळखतात. काळी म्हणजे शेतीची, पांढरी म्हणजे वस्तीची. मातीची घरं पडत जातात, चुलीची राख साचत जाते आणि वस्तीची जागा पांढुरकी होऊन वर उचलली जाते. काळीत काय पेरलं होतं ते पांढरीच्या राखेतून वाचायचं, हा माझा धंदा. पुस्तकात त्याला पुरावनस्पतीशास्त्र म्हणतात. गावात काका विचारतात, "बिया वेचाले एमए कायले पायजे वं?"

मी हिंगणघाटकडची. आधी वनस्पतीशास्त्रात बीएस्सी, मग पुरातत्त्वात एमए. उलट वाटेनंही येता येतं, पण इतिहासाकडून येणाऱ्यांना बियांची ओळख मुळापासून करावी लागते. पुण्याचं डेक्कन कॉलेज, नागपूर विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग आणि लखनऊची बिरबल साहनी संस्था ही नावं माहीत असू द्या. पुढे शिकवायचं असेल तर पुरातत्त्व विषयात नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) देता येते.

काम दिसायला सोपं. खोदलेल्या थरातली वीसेक लिटर माती मोजून घ्यायची, ड्रमातल्या पाण्यात हळूहळू सोडायची, हातानं ढवळायची. जळून कोळसा झालेलं बी हलकं असतं, ते वर तरंगतं. ते बारीक चाळणीवर किंवा मलमलीवर धरायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात नाही, कोळसा तडकतो. पाणी कुठून आणायचं हा खरा प्रश्न. उत्खननाचा हंगाम दिवाळीनंतरचा, म्हणजे ऐन कापूसवेचणीचा. तेव्हा मजूर मिळत नाहीत. ड्रम भरायला आपणच.

पहिल्या वर्षी माझं हसं झालं. दोन हात खोल थरातून काळं, चपटं, दोनेक मिलिमीटरचं बी निघालं. एकदोन नाही, तीसचाळीस. मी वहीत चित्र काढलं, दोन रात्री झोपले नाही. मार्गदर्शकांनी भिंगाखाली पाहिलं आणि म्हणाले, "बाहेर जा, बांधावरचं गाजरगवत तोडून आण." तेच होतं. गाजरगवत भारतात नजरेस आलं १९५०च्या दशकात, पुण्यात. ते खालच्या थरात पोचलं कसं? आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कधी हात जाईल एवढी. वरचं बी भेगेतून थेट खाली उतरतं, पावसात माती फुगते आणि भेग मिटते. टेकाडाच्या कडेला, जिथं पांढरीवर काळी चढलेली असते, तिथं हे हमखास होतं. तेव्हापासून माझा नियम: जळलेलं नसेल ते बी जुनं धरायचं नाही. आणि गाजरगवत सापडलं तर दुःख करायचं नाही, थर बिघडल्याची ती फुकटात मिळालेली सूचना असते.

आता इंग्रजी अमलाकडे येते. इथं तुमची पहिली भांडणं होतील. विदर्भात उत्खनन म्हटलं की लोकांना महापाषाणकाळ (मोठ्या दगडांची वर्तुळं रचून थडगी बांधणाऱ्यांचा काळ) हवा असतो, नाहीतर सातवाहन, वाकाटक. वरचा दीड-दोनशे वर्षांचा थर "अलीकडचा, विस्कटलेला" म्हणून घमेल्यानं फेकला जातो. गंमत अशी, की नागपूरजवळ जुनापाणीची शिळावर्तुळं एकोणिसाव्या शतकात खोदणारा रिव्हेट-कार्नाक हा सरकारचा कापूस आयुक्त होता! कापसाचा हिशेब ठेवणारा माणूस थडगी उकरत होता. माती पाण्यात घालून बी काढायची रीत मात्र तेव्हा नव्हतीच.

कागदावरची गोष्ट ठाऊक असते. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेलं, १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून; अलीकडच्या बाजूला मालगुजारी, म्हणजे गावच्या मालगुजारामार्फत. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना इकडचा कापूस हवासा झाला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. हिंगणघाटचा लांब धाग्याचा 'बनी' कापूस मागे पडत गेला आणि आखूड, जाडाभरडा, पण जास्त उतारा देणारा 'जरी' नावाचा कापूस पसरला. मग राखेत सरकीच सरकी सापडायला हवी ना? मला जवळजवळ सापडलीच नाही. ज्वारी होती, तूर होती, लाखोळी होती (कुऱ्हाडीच्या पात्यासारखी, वाटाण्याशी गल्लत करू नका). सरकी दोन दाणे, तेही फुटके.

तेलबी आगीत फुटतं, हे एक कारण. तीळ-जवसाचंही तेच होतं. पण पुरतं उत्तर आजीनं दिलं. "अवं पोरी, सरकी ढोराईले, पऱ्हाटी चुलीत. तुले काय रायलं मंग?" पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. मी वेड्यासारखी बिया शोधत होते आणि कापूस कोळशात बसला होता. शिवाय सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने आल्यावर कापूस सरकीसकट बंडीत भरून बाजाराला गेला; घरी हातानं रेचायचा तेव्हा निदान सरकी तरी गावात राहायची. म्हणून आता मी कोळशाचे तुकडेही तेवढ्याच काळजीनं पाहते. तुकडा आडवा मोडायचा, ताज्या कापावरची छिद्रं भिंगाखाली बघायची. सागाची वर्तुळं वेगळी, बाभळीची ठेवण वेगळी, पऱ्हाटीची बारीक काडी वेगळी. 'बनी' की 'जरी' ते त्यावरून कळत नाही, दोन्ही एकाच जातीचे. पण खालच्या थरात साग नि इतर जंगली लाकूड आणि वर काड्या नि शेणगोवरीची राख दिसली, की १८७८चा वनकायदा आणि गावाचं लाकूड अडवणारी राखीव जंगलं आठवतात. आठवतात एवढंच म्हणा. एका चुलीवरून गावाचा इतिहास लिहायचा नसतो.

काळ ठरवताना रेडिओकार्बनवर (कोळशातल्या कार्बनवरून वय काढायच्या पद्धतीवर) विसंबू नका. शेवटच्या तीनशे वर्षांत तो फार मोघम उत्तर देतो. राणीच्या छापाचं पाव आण्याचं नाणं, कंदिलाची काच, मंगलोरी कौल, बांगडीचा तुकडा, हेच इथं कामाचे. जोडीला तहसीलमध्ये जाऊन जुने बंदोबस्ताचे (जमिनीचा सारा ठरवतानाचे) नकाशे, पीकपेरा आणि निस्तारपत्रक पाहा. चहा पाजावा लागतो, दोन फेऱ्या वाया जातात, पण गावानं जंगलातून काय आणायचं नि किती, हे निस्तारपत्रकाइतकं दुसरीकडे सापडत नाही.

आणि पहिल्या आठवड्यापासून स्वतःचा बियांचा डबा भरायला लागा. आघाडा, कुरडू, केना, लव्हाळा, बांधावरचं सगळं. प्रत्येकातलं थोडं बी वाळूत घालून भाजून ठेवा, कारण जळल्यावर ज्वारी ज्वारीसारखी दिसत नाही. माझा पहिला डबा आईनं फोडणीचा समजून उघडला होता. त्यावर आता लाल अक्षरात नाव लिहिलेलं आहे, तरी ती अजून वास घेऊनच ठेवते.