फोनची बॅटरी फुगली तर काय करावं

आईचा जुना फोन टेबलावर ठेवला की डुगडुगायला लागला, तेव्हा घरात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. देवघराशेजारच्या प्लगला तो चोवीस तास लावलेला असायचा. सकाळी भूपाळ्या आणि संध्याकाळी रामरक्षा ऐकवायची, एवढंच त्याला काम. मागचं झाकण एका बाजूनं उचललं गेलं म्हणून आईनं त्याला रबरबँड लावला होता. दिवाळीत मी सांगलीला गेले, फोन हातात घेतला आणि पोटात गोळा आला. झाकण सैल झालेलं नव्हतंच. आतली बॅटरी फुगून ते बाहेर ढकलत होती आणि आम्ही रबरबँडनं तिला पुन्हा आत दाबत होतो. वीतभर अंतरावर निरांजन.

बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "ताई, टाचणी मारून गॅस काढून देतो. अजून सहा महिने चालेल." मी फोन घेऊन तशीच माघारी आले. हे लिहायचं ठरवलं ते त्या टाचणीमुळं. फुगलेल्या बॅटरीशी जे जे करू नये, त्यात टाचणी सगळ्यात वर येते, आणि आपल्याकडं ती सर्रास मारली जाते.

आधी ओळखा

फोन सपाट टेबलावर पाठीवर ठेवा आणि एका कोपऱ्याला हलकेच बोट लावा. पूर्वी स्थिर बसणारा फोन आता भोवऱ्यासारखा फिरत असेल किंवा डुगडुगत असेल, तर संशय घ्या. कडेनं पाहा. स्क्रीन आणि फ्रेमच्या मध्ये फट पडली आहे का, स्क्रीनवर मधोमध फिकट किंवा पिवळट डाग दिसतो का, बाजूची बटणं घट्ट झाली आहेत का. कव्हर घातलेलं असेल तर काढून पाहा, कारण फुगवटा कव्हरच्या आत महिनोन् महिने लपून राहतो.

लॅपटॉपमध्ये हीच तक्रार वेगळ्या रूपात येते. टचपॅडचं क्लिक अचानक दबेनासं होतं, किंवा झाकण मिटलं तरी एका कोपऱ्यात फट राहते. लोक टचपॅड बिघडला म्हणून माउस विकत आणतात. टचपॅडच्या खाली बहुतेक वेळा बॅटरी असते, हे ध्यानात ठेवा. पॉवर बँक, वायफायचा डोंगल, ब्लूटूथ स्पीकर, मुलांची खेळणी यांच्याकडंही एकदा नजर टाका.

नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर, उग्र वास येत असेल, तर बॅटरीचं पाकीट कुठंतरी फुटलं आहे असं समजा.

आत काय होतं

लिथियम-आयन बॅटरी बाजारात पहिल्यांदा आणली सोनीनं, १९९१ साली. तिच्यासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. फोनमधली बॅटरी म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पाकिटात बंद केलेली एक गुंडाळी. धन आणि ऋण बाजूंच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये केसाहून पातळ प्लॅस्टिकचा पडदा आणि सगळीकडं मुरलेला, पेट घेणारा द्रव. वय, उष्णता आणि सतत पूर्ण चार्ज राहणं यांमुळं हा द्रव हळूहळू विघटित होतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे वायू तयार होतात आणि पाकीट फुगतं.

म्हणजे फुगवटा हा काही आजार नव्हे, ते लक्षण आहे. वायू काढून टाकला तरी आतला बिघाड तसाच राहतो. टाचणी त्या केसाहून पातळ पडद्यातून गेली, तर दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात, आतल्या आत शॉर्टसर्किट होतं, आणि पुढची आग क्षणात लागू शकते. पडदा वाचला तरी छिद्रातून हवेतली आर्द्रता आत जाते. द्रवातल्या क्षाराचा पाण्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. तो डोळे, त्वचा आणि फुप्फुसं जाळणारा वायू आहे. फ्रिजमध्ये ठेवून फुगवटा उतरवण्याची युक्तीही मी ऐकली आहे. थंडीनं वायू थोडा आकसतो, बॅटरी बारीक दिसते, आणि बाहेर काढली की पहिले पाढे पंचावन्न.

पहिलं काम: चार्जर काढा, फोन बंद करा

प्लगचं बटण बंद करा, मग वायर काढा. फोन चालू असेल आणि हाताला थंड लागत असेल, तर वायफायवरून महत्त्वाचे फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्यायला हरकत नाही. मात्र चार्जर लावून नाही, आणि फोनजवळ बसून. बॅटरी संपत आली असेल तर बॅकअपचा मोह सोडा. "फक्त पाच मिनिटं चार्ज करते आणि फोटो काढून घेते" हा विचार मलाही आला होता, कारण बाबांचे शेवटचे काही फोटो त्याच फोनमध्ये होते. मी चार्जर लावला नाही. बॅटरीत जेवढी ऊर्जा जास्त, तेवढी आग मोठी. पुढं दुरुस्तीवाल्यानं नवी बॅटरी जोडली आणि ते फोटो सुखरूप निघाले. साठवण वेगळ्या चिपवर असते, बॅटरी गेली म्हणून फोटो जात नाहीत.

फोन गरम असेल, वास येत असेल किंवा फुगवटा डोळ्यांदेखत वाढत असेल, तर बॅकअप वगैरे काही नाही. सरळ पुढच्या पायरीवर जा.

सिमचा ट्रे सहज निघाला तर काढा. अडकला तर ओढाताण करू नका. डुप्लिकेट सिम मिळतं.

दुसरं काम: ठेवायचं कुठं

आपल्या घरात यासाठी सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे मातीची रिकामी कुंडी. तळाला कोरड्या वाळूचा थर द्या, त्यावर फोन ठेवा, वरून अजून वाळू घाला. ही कुंडी गॅलरीत, सावलीत, पडदे, कपडे आणि गॅस सिलिंडरपासून लांब ठेवा. वाळू कोरडीच हवी. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू नका. वायू सुटला तर त्याला बाहेर पडायला वाट लागते. पँटच्या खिशात, पर्समध्ये, उन्हात उभ्या गाडीत ठेवणंही टाळा.

झाकण हातानं दाबून बसवू नका. बॅटरी उचकटून काढायचाही प्रयत्न नको. हल्लीच्या फोनमध्ये ती चिकटवलेली असते आणि पातीनं उकरताना नेमकं पाकीट फाटतं. जुन्या पद्धतीचा, नखानं उघडणारा फोन असेल आणि बॅटरी अलगद निघत असेल तरच काढा, आणि तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.

धूर किंवा आग दिसली तर

फोन चार्जिंगला असेल तर आधी मेन स्विच. मग माणसांना खोलीबाहेर काढा, विशेषतः लहान मुलं आणि दमेकऱ्यांना. पेटता फोन उचलून खिडकीबाहेर फेकायला जाऊ नका. हात भाजतात आणि खाली कोण उभं आहे ते आपल्याला दिसत नसतं. वीज बंद झालेली असेल आणि सुरक्षित अंतर ठेवता येत असेल, तर भरपूर पाणी ओता. बॅटरीच्या आगीवर पाणी चालत नाही असा समज आहे. फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीला मात्र थंड करणं हाच खरा उपाय असतो, आणि त्यासाठी पाण्याइतकं हाताशी दुसरं काही नसतं. वाळूनं ज्वाळा दबते पण उष्णता आतच राहते, म्हणून विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते. आटोक्याबाहेर वाटलं तर १०१ किंवा ११२.

धूर छातीत गेला असेल तर लगेच बरं वाटलं तरी डॉक्टरांकडं जा आणि "लिथियम बॅटरीचा धूर" हे शब्द सांगा. फुप्फुसांचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. द्रव त्वचेला किंवा डोळ्याला लागला तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं धरा आणि मग दवाखाना गाठा.

तिसरं काम: द्यायचं कुणाला

घंटागाडीत नाही. ही एक गोष्ट मी हात जोडून सांगते. कचऱ्याच्या गाडीत दाबयंत्र असतं, तिथं बॅटरी चेपली की गाडी पेटते. आणि त्याआधी ती कचरावेचक बाईच्या हातातून गेलेली असते, तिच्या हातात मोजेही नसतात. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंटचे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले. त्यानुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी देणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे, आणि ती गोळा करून पुनर्वापराला पाठवणं ही उत्पादकाची. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात द्या. ते शक्य नसेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्रांची यादी आहे, तिथून जवळचं शोधा. देताना "बॅटरी फुगलेली आहे" हे तोंडानं सांगा. कुरिअर किंवा पोस्टानं पाठवू नका, आणि विमानात तर नाहीच, सामानात नाही आणि हातातही नाही.

फोन वॉरंटीत असेल तर

इथं घाई करू नका. फोन द्यायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) लिहून घ्या, बिल शोधा. सेवा केंद्रात "फिजिकल डॅमेज" असा शेरा मारून खर्च तुमच्यावर ढकलतात, हा अनेकांचा अनुभव आहे आणि माझाही. जॉबशीटवर, म्हणजे फोन जमा केल्याच्या पावतीवर, "बॅटरी फुगली" असं स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. नकार दिला तर तोही लेखी मागा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तूमुळं झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीचं, स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातल्या कलम ८४ नुसार वस्तूत निर्मितीदोष असेल आणि त्यामुळं इजा झाली, तर "आमचा निष्काळजीपणा नव्हता" एवढं सांगून उत्पादकाची सुटका होत नाही. उलट कलम ८७ म्हणतं की वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झालेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध असा दावा चालत नाही. टाचणी टाळायचं हे आणखी एक कारण. तक्रार आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा. दाद मिळाली नाही तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडं जाता येतं, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे.

दोष मोठ्या कंपन्यांकडूनही होतो. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये आला आणि ऑक्टोबरमध्ये कायमचा बंद झाला. पहिल्या बॅटरीत कोपऱ्याला जागा कमी पडून पट्ट्या वाकल्या होत्या. बदलून दिलेल्या दुसऱ्या कारखान्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे कंगोरे निघाले. ॲपलचं प्रकरण मला याहून जास्त खुपतं. जुन्या बॅटरीला अचानक जास्त प्रवाह झेपत नाही आणि फोन बंद पडतो, म्हणून त्यांनी सॉफ्टवेअरमधून फोनच मंद केले. हे ग्राहकांना सांगितलं नाही, आणि कबुली दिली डिसेंबर २०१७ मध्ये. फ्रान्सनं २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला, अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. किती जणांनी फोन म्हातारा झाला असं समजून नवा घेतला असेल. बदलायची होती नुसती बॅटरी.

युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढता याव्यात असा नियम लागू होतो आहे. आपल्याकडं डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक मंत्रालयानं 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं. सेवा केंद्रं, वॉरंटी आणि सुट्या भागांची कंपन्यांनी दिलेली माहिती तिथं एका जागी मिळते.

नवी बॅटरी घेताना आणि नंतर

बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, आयएस १६०४६ हे मानक आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून पाहा. क्रमांक सापडला नाही किंवा दुसऱ्याच कंपनीचा निघाला तर ती बॅटरी घेऊ नका.

उशीखाली, गादीवर चार्जिंग नको. मे महिन्यात डॅशबोर्डवर फोन ठेवू नका. सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर चालू करा. बरीच वर्षं न वापरता कपाटात पडायचा फोन असेल तर निम्मा चार्ज करून बंद ठेवा आणि दर काही महिन्यांनी पाहा.

जी वस्तू कायम प्लगलाच राहणार आहे, ती शक्यतो बिनबॅटरीचीच घ्यावी. आईच्या देवघराशेजारी आता थेट विजेवर चालणारा एक छोटा भजनांचा डबा आहे. रामरक्षा संपली की ती प्लगचं बटण बंद करते, आणि रबरबँड पुन्हा कोथिंबिरीच्या जुडीला गेला आहे.