कपिल, बोथम, इम्रान, हॅडली: बॅटिंगला जास्त भरवशाचा कोण, हे मोजायचं कसं

आपला कपिल देव मोठा की इंग्लंडचा बोथम, हा वाद आपल्याकडे चाळीस वर्षं चालू आहे आणि दर वेळी कुणीतरी मधेच अ‍ॅव्हरेज काढून फेकतं की झालं, विषय संपला. त्या काळच्या चार मोठ्या ऑलराउंडरची टेस्टमधली अ‍ॅव्हरेज अशी आहेत: पाकिस्तानचा इम्रान ३७.६९, बोथम ३३.५४, कपिल ३१.०५, न्यूझीलंडचा हॅडली २७.१६. मग इम्रान सगळ्यात कन्सिस्टंट? थांबा जरा. अ‍ॅव्हरेज म्हणजे एकूण रन भागिले किती वेळा आउट झाला ते, आपला प्रश्न वेगळा आहे, की हा माणूस उद्या बॅटिंगला उतरला तर साधारण किती करेल आणि किती वेळा पोपट करेल.

पहिलं काम म्हणजे करिअर समरी बाजूला ठेवा आणि इनिंगवार यादी घ्या. क्रिकइन्फो वेबसाइटच्या स्टॅट्सगुरूवर प्लेअर टाकून इनिंग्जची लिस्ट निघते, ती एक्सेलमध्ये चिकटवायची, एका कॉलममध्ये रन, बाजूच्या कॉलममध्ये नॉट आउट आहे का ते, मग समोरची टीम, कितव्या नंबरला आला आणि साल. एवढं पुरे.

आता हे स्कोअर लहान ते मोठे लावा आणि बरोब्बर मधला स्कोअर बघा, म्हणजे मीडियन. हे का करायचं ते बोथमच्या १९८१ च्या अ‍ॅशेसवरून, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या टेस्ट सीरीजवरून, लगेच कळतं. त्याचे १२ स्कोअर असे: १, ३३, ०, ०, ५०, १४९ नाबाद, २६, ३, ०, ११८, ३, १६. टोटल ३९९, अ‍ॅव्हरेज ३६.२७, एकदम झकास. पण मधला स्कोअर किती? साडेनऊ! बारापैकी सहा वेळा पठ्ठ्या तीनच्या पुढे गेलाच नाही. लॉर्ड्सवर दोन्ही इनिंगमध्ये भोपळा आणि त्या मॅचनंतर कॅप्टन्सीही सोडली, आणि तरी ती सीरीज आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते, कारण हेडिंग्ली आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या त्या दोन सेंच्युऱ्या. त्या दोन काढल्या तर उरलेल्या दहा इनिंगमध्ये १३२ रन. मॅच जिंकून देणं आणि सातत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बोथम पहिल्यात बाप होता, त्यात वाद नाही.

लगेच पुढच्या वर्षी आपली टीम इंग्लंडला गेली. कपिल ४१, ८९, ६५, ९७. बोथम ६७, १२८, २०८. कपिलची एकही सेंच्युरी नाही पण एकही फेल्युअर नाही, आणि बोथम तर तुटूनच पडला होता. मग ८१ चा बोथम खरा की ८२ चा? म्हणूनच तीन-चार इनिंगवरून निकाल लावायचा नाही, माझ्या मते निदान ३० इनिंग एका गठ्ठ्यात हव्यातच, त्याखाली नुसती मजा म्हणून बघा.

दुसरी मोठी भानगड नॉट आउटची. खालच्या नंबरवर येणाऱ्याला समोरचे आउट झाले की नाबाद राहायला मिळतं आणि अ‍ॅव्हरेज फुगतं. इम्रान १२६ इनिंगमध्ये २५ वेळा नाबाद, बोथम १६१ मध्ये फक्त ६ वेळा, कपिल १८४ मध्ये १५, हॅडली १३४ मध्ये १९. आता सरळ एकूण रन भागिले एकूण इनिंग करून बघा, बोथम ३२.३, इम्रान ३०.२, कपिल २८.५, हॅडली २३.३. पहिले दोन नंबर उलटे झाले की नाही! पण याचा अर्थ इम्रानचं अ‍ॅव्हरेज खोटं असा नाही हां, नाबाद राहणं हाही गुणच आहे, म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. आणि फेल्युअर मोजताना, म्हणजे दहाच्या आत किती वेळा गेला ते, त्यात ८ नाबाद वगैरे धरायचं नाही, तो आउट झालाच नाही तर फेल कसला.

मग पन्नासच्या वर किती इनिंगनी एकदा जातो ते काढा, सेंच्युरी धरून. बोथम ३६ वेळा, म्हणजे साधारण साडेचार इनिंगला एकदा. कपिल ३५ वेळा, इम्रान २४ वेळा, आणि गंमत बघा, दोघांचंही सव्वापाच इनिंगला एकदा! अ‍ॅव्हरेजमध्ये साडेसहाचा फरक आणि पन्नाशी गाठायचं प्रमाण मात्र सेम. कपिल बेभरवशाचा हे जे डोक्यात बसलंय ना, त्याला ८४ साली दिल्ली टेस्टमध्ये ज्या बेफिकीर शॉटवर तो आउट झाला तो पण कारणीभूत आहे, त्यापायी त्याला कलकत्त्याच्या टेस्टमधून बसवलं होतं. हॅडलीचं आठ इनिंगला एकदा, पण तो बॅटिंगला येणार सातव्या-आठव्या नंबरवर, त्याला त्या मापाने झोडण्यात अर्थ नाही.

स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे स्कोअर सरासरीपासून किती इकडेतिकडे पसरलेत ते, काढणारेही असतात, काढा, फक्त ते अ‍ॅव्हरेजने भागा, नाहीतर जो जास्त रन करतो तोच जास्त बेभरवशाचा दिसायला लागतो. मला स्वतःला मीडियन आणि फेल्युअरची टक्केवारी जास्त पटते, कुणालाही समजावता येते.

आता करिअरचे तुकडे करा, हे कुणी करत नाही आणि खरी माहिती इथेच असते. इम्रान १९७१ ला आला आणि त्याची पहिली टेस्ट सेंच्युरी १९८० ला, नंतर कॅप्टन म्हणून त्याचं अ‍ॅव्हरेज ५२ च्या वर. बोथमचं नेमकं उलटं, १४ सेंच्युऱ्यांपैकी शेवटची १९८६ ला ब्रिस्बेनमध्ये, त्यानंतर १९९२ पर्यंत अधूनमधून खेळला पण एकही नाही. म्हणजे कोण कन्सिस्टंट याचं उत्तर ७९ मध्ये विचाराल तर वेगळं, ८९ मध्ये विचाराल तर वेगळं.

समोर कोण होतं तेही बघायचं. वेस्ट इंडीजविरुद्ध बोथमची २० टेस्टमध्ये एकही सेंच्युरी नाही, कपिलच्या तीन आहेत. उलट बोथमच्या १४ पैकी ५ आपल्याविरुद्ध, त्यातली एक वानखेडेवर १९८० च्या गोल्डन ज्युबिली टेस्टमधली, ११४ आणि वर १३ विकेट. त्या दिवसांत वानखेडेवर बसलेल्यांना कन्सिस्टन्सीचं लेक्चर देऊन उपयोग नाही.

बॅटिंग नंबरचं तर विचारूच नका. रवी शास्त्रीचं अ‍ॅव्हरेज ३५.७९, कपिल आणि बोथम दोघांपेक्षा जास्त, पण तो टीममध्ये आला दहाव्या नंबरवर आणि १९९२ ला सिडनीत २०६ केले ते ओपनर म्हणून. त्याची सगळी इनिंग एका ढिगात टाकून कपिलशी तुलना केली तर काहीही उत्तर येईल, त्यामुळे आधी त्या नंबरच्या कॉलमवर फिल्टर लावा, सहा ते आठ वेगळं काढा आणि मगच मीडियन घ्या. एवढं करूनही दोघांत दोन-तीन रनचाच फरक आला तर बरोबरी समजा, त्यावरून भांडू नका.