बदकाची पिल्लं पाय टाकेनात : कोंबडीसोबत वाढवताना आलेला अनुभव

सोलापुरात विडी घरकुलच्या घरामागे आम्ही कोंबड्या आणि बदकं एकत्र मोकळी सोडतो. कोंबडीची पिल्लं टणटणीत होती, पण त्याच वयाची बदकाची पिल्लं दोन पावलं टाकून मटकन बसायची. घोटा सुजलेला, पाय धनुष्यासारखे बाकलेले.

आधी वाटलं, शहाबादी फरशीवर घसरत असतील. गोणपाट अंथरलं. मग कॅल्शियमचं औषध पाजलं. काहीच फरक पडेना, जीव अगदी रडकुंडीला आला.

कारण खाद्यात होतं. दोघांनाही चिक स्टार्टर (कोंबडीच्या पिल्लांचं तयार खाद्य) आणि ज्वारीचा भरडा जात होता. बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा नियासिन (ब-3 जीवनसत्त्व) बरंच जास्त लागतं, किलोभर खाद्यात साधारण 55 मिलीग्रॅम. मका-ज्वारीतलं नियासिन बरंचसं बांधलेलं असतं, अंगी लागत नाही.

उपाय या क्रमाने करा. मेडिकलमधून साधी नियासिनची गोळी आणा, हळूहळू विरघळणारी नको. ती कुटून 4 लिटर पाण्यात 100 ते 150 मिलीग्रॅम या मापाने घाला. दिवसभर हेच पाणी ठेवा आणि रोज सकाळी नवं बनवा, कारण बदकं चोच बुडवून तासाभरात चिखल करतात. भांडं नाकपुड्या बुडतील एवढं खोल हवं. भरडा बंद करून खाद्यात ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते, वाळवून निष्क्रिय केलेलं यीस्ट) मिसळा. पावाचं जिवंत यीस्ट मात्र घालू नका, ते पोटात फसफसतं.

आठवडाभरात पिल्लं कोंबड्यांमागे धावू लागली. सांधा पार वाकडा झाल्यावर मात्र तो सरळ होणं अवघड, म्हणून लंगडणं दिसताच सुरू करा.