गोव्यात सकाळची न्याहारी कशी शोधावी: आधी घड्याळ, मग नकाशा

साताऱ्याहून लग्न होऊन फोंड्याला आले त्याच्या चौथ्या दिवशी बाजारातल्या एका कॅफेत मी 'पोळी-भाजी' मागितली. समोर आला एक गोल, वरून कोंडा लावलेला, आतून पोकळ पाव आणि वाटीभर पातळ भाजी. मी वेटरला म्हटलं, मी पोळी मागितली होती. तो म्हणाला, "हीच पोळी." शेजारच्या टेबलावरचे आजोबा गालातल्या गालात हसले. आपल्या पोळीला इथे चपाती म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर माहेरचे, शेजारपाजारचे, मुलांच्या मित्रांचे आईवडील असे कितीतरी पाहुणे येऊन गेले. बहुतेकांची तक्रार एकच: "मासे छान मिळाले, पण सकाळचं काही धड मिळालं नाही." विचारलं की कळायचं, हे लोक साडेनऊला उठले, किनाऱ्यावरच्या हॉटेलात दीडशे रुपयांचं ऑम्लेट-टोस्ट खाल्लं आणि तिथूनच गोव्याबद्दल मत बनवून परतले. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. गजर लावा

गोव्यात न्याहारीची जागा शोधण्याआधी वेळ शोधावी लागते. भाजी-पावाची खरी वेळ सकाळी सात ते साडेनऊ. भाजी पहाटे मोठ्या टोपात शिजते आणि टोप रिकामा झाला की पुन्हा चढत नाही, कारण स्वयंपाकघर दुपारच्या ताटाच्या तयारीला लागतं. दहाला गेलात तर 'सोंपली' हा शब्द ऐकायची तयारी ठेवा. संपली, इतकाच त्याचा अर्थ. घासाघीस चालत नाही.

दहा ते साडेबारा ही ब्रंचवाल्या कॅफेंची वेळ. त्यानंतर जेवण, आणि एक ते चार गोवा झोपतो. बाहेरचे लोक याला आळस म्हणतात. मे महिन्यातल्या दुपारी एकदा इथे राहून पाहा आणि मग बोला.

एक घोळ नेहमी होतो. 'गोव्यात रोस ऑम्लेट खायचंच' असं कुठेतरी वाचून लोक ते सकाळी शोधत फिरतात. रोस ऑम्लेट म्हणजे ऑम्लेटवर शागोतीचा झणझणीत रस्सा आणि सोबत पाव. हा संध्याकाळच्या गाड्यांवरचा पदार्थ. दिवस मावळताना गाडे लागतात. सकाळी तो शोधणं म्हणजे दुपारी वासुदेव शोधण्यासारखं.

रात्रीच्या बसने पुण्या-मुंबईहून येणारे या बाबतीत नशीबवान. साडेसहा-सातला पणजी किंवा म्हापशाच्या कदंबा (म्हणजे इथली एसटी) स्टँडवर उतरलात की सामानासकट पहिलं काम न्याहारीचं करा, हॉटेलची खोली कुठे पळून जात नाही. कोकणकन्येने मडगावला उतरणाऱ्यांची भाजी बहुधा हुकतेच.

२. किनाऱ्याकडे पाठ करा

किनाऱ्याची वस्ती रात्री जागते, त्यामुळे सकाळी नऊपर्यंत तिथे कुत्री आणि झाडूवाले सोडून कोणी दिसत नाही. न्याहारी जिथे दिवसाचं काम सुरू होतं तिथे मिळते: बाजार, बसस्टँड, फेरीबोटीचा धक्का, कचेऱ्या. कळंगुट-बागेला उतरला असाल तर म्हापसा गाठा. कोलव्याला असाल तर मडगाव. मिरामारला असाल तर पणजी अगदी हाताशी आहे. स्कूटरवर ही सगळी अर्ध्या तासाच्या आतली अंतरं, आणि सकाळी रस्ते मोकळे.

पणजीत कॅफे भोसले आणि कॅफे ताटो ही नावं कोणीही सांगेल, आणि ती सांगण्यासारखीच आहेत. पण तुम्ही फक्त नावं पाठ करून जाऊ नका. पणजीच्या बाजाराभोवतीच्या गल्ल्यांत साडेसातला पायी एक फेरी मारा. गाडी लांब लावा, कारण अठरा जून रस्त्यावर नऊनंतर जागा मिळणं हा नशिबाचा भाग. म्हापशाला शुक्रवार बाजाराचा दिवस. खेड्यापाड्यातून पहाटेच बायका भाज्या, चोरीसच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा, मातीची भांडी घेऊन येतात आणि त्या सगळ्यांना भूक लागतेच. त्या दिवशी तिथल्या कॅफेत बसायला जागा मिळाली नाही तरी उभ्याने खावं.

आपल्याकडची निम्मी कुटुंबं गोव्याला कुलदैवताच्या दर्शनाला येतात. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा ही सगळी फोंड्याच्या आसपास. अभिषेक उरकेपर्यंत उपाशी राहायचं असेल तर राहा, पण नंतर देवळासमोरच्या पहिल्याच दुकानात वडापाव खाऊन पोट भरू नका. फोंडा बाजार दहा-पंधरा मिनिटांवर आहे. म्हार्दोळला जायांचे गजरे मात्र जरूर घ्या. न्याहारीशी त्यांचा काही संबंध नाही, तरी घ्या.

३. पोदेराला विचारा

माझी स्वतःची युक्ती ही, आणि ती अजून एकदाही फसलेली नाही.

पहाटे सायकलच्या मागे मोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक आणि हातात रबरी भोंगा, असा माणूस तुमच्या दारावरून जाईल. तो पोदेर. पोर्तुगीज 'पादेइरो'वरून हा शब्द आला. पाव गोव्यात आणला तो पोर्तुगिजांनीच. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर घालत, आता बहुतेक ठिकाणी यीस्टच. त्याच्या टोपलीत नेहमीचा मऊ पाव असतो, कोंड्याची पोळी असते, कडक सालीचा गोल उंडो असतो, फुलपाखराच्या आकाराचा कातरेचा पाव असतो आणि बांगडीच्या आकाराची कडकडीत काकणं असतात.

त्याला थांबवा, दोन पोळ्या विकत घ्या (फुकट माहिती विचारू नये) आणि मग विचारा की इथल्या कुठल्या हॉटेलाला सगळ्यात जास्त पाव जातो. ज्या कॅफेत रोज शंभर-दोनशे पाव उतरतात, तिथली भाजी खपते आहे. जी भाजी खपते ती ताजी असते. पोदेराला याबाबत खोटं बोलायचं काही कारणच नाही.

घरगुती मुक्कामात राहत असाल तर आणखी सोपं. फाटकाला कापडी पिशवी अडकवून ठेवतात, पोदेर ठरलेले पाव तिच्यात टाकून जातो. मालकिणीला आदल्या रात्री सांगून ठेवा की आमचे चार जास्त घ्या. मग फक्त भाजी बाहेरून पार्सल आणायची.

४. दारातून आत डोकावा

पाटीवर 'कॅफे' लिहिलंय म्हणून कॉफी आणि केक डोळ्यांपुढे आणू नका. गोव्यात कॅफे म्हणजे संगमरवरी किंवा सनमायकाची टेबलं, भिंतीवर देवाची तसबीर, गल्ल्यावर मालक आणि स्टीलच्या वाटीत भाजी. बरं ठिकाण ओळखायच्या खुणा अशा: एका टेबलावर तीन अनोळखी माणसं बसलेली आहेत, एकच मराठी पेपर पानं सुटी होऊन चार हातांत फिरतो आहे, मेनूकार्ड कुणी मागत नाही आणि वेटर तोंडानेच यादी म्हणतो. रिकामी खुर्ची दिसली तर "हांगा बसूं?" विचारून खुशाल बसा. कुटुंबासाठी वेगळं टेबल मिळेल म्हणून दारात उभे राहिलात तर तुमच्या मागून आलेले खाऊन जातील.

चकचकीत, फोटोंचं, आठ पानी मेनूकार्ड दिसलं तर मी उलट्या पावली फिरते. हा माझा पूर्वग्रह असेल, पण त्याने माझे पैसे वाचवले आहेत.

५. मागताना शब्द नीट वापरा

'पावभाजी' म्हणालात तर काही ठिकाणी मुंबईची लोण्यातली लाल पावभाजी येईल. इथे 'भाजी-पाव' म्हणायचं, आणि लगेच प्रश्न येईल, "खंयची भाजी?" कुठली? उत्तरं तयार ठेवा.

पातळ भाजी म्हणजे वाटाण्याची किंवा चण्याची, ओल्या नारळाच्या वाटणाची रसदार भाजी. सुकी म्हणजे बटाट्याची, फोडणीची. मिक्स मागितलं की पातळ भाजीत सुकी घालून देतात, आणि नवख्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी. टोनाक मिळालं तर सोडू नका: भाजलेल्या खोबऱ्याचं आणि गरम मसाल्याचं दाट वाटण, त्यात आळसांदे किंवा दुसरं कडधान्य. सातारच्या माणसाला आपल्या कटाची आठवण येईल, पण तिखट कमी आणि खोबरं जास्त. सुक्या भाजीला पोळी घ्या, तिच्या पोकळीत भाजी भरता येते. पातळ भाजीला साधा पाव, कारण तो रस पितो.

सोबत 'मिरची' मागितली की मिरचीचं भजं येतं. 'बन' म्हणजे पाव नव्हे, पिकलं केळं घालून तळलेली गोडसर फुगीर पुरी. ती भाजीत बुडवून खायची की नुसती, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. मांयचं, म्हणजे सासूबाईंचं, म्हणणं नुसतीच, चहाबरोबर. मी बुडवते.

यातलं बहुतेक सगळं शाकाहारी. मांसाहारी न्याहारी हवी असेल तर ख्रिस्ती वस्तीतल्या छोट्या ठिकाणी चोरीस-पाव विचारा. डुकराच्या मांसाचं व्हिनेगर-मिरचीतलं सॉसेज कांद्यावर परतून पावात भरतात. तेल भरपूर सुटतं, पांढरा शर्ट नको.

६. फोनचा उपयोग, पण बेताने

गूगल मॅपवर शोधताना गोव्यातलं इंग्रजी स्पेलिंग ध्यानात ठेवा: इथे पाव 'व्ही'ने नाही, 'ओ'ने संपतो. मुंबईच्या स्पेलिंगने शोधलंत तर मुंबईची पावभाजी सापडेल. तारे पाहू नका. परीक्षणं नवीन आधी अशी लावा आणि सकाळी काढलेले फोटो बघा. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे गर्दीच्या वेळा दाखवणारा आलेख. आठ वाजता जिथे खांब उंच आहे तिथे जा. खांब रात्री नऊला उंच असेल तर ते ठिकाण न्याहारीचं नव्हे, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

७. आता ब्रंच

मुलं उठत नसतील, किंवा तुम्हालाच सुट्टी म्हणजे झोप वाटत असेल, तर ब्रंच. त्यासाठी मात्र किनाऱ्यालगतची गावं चांगली. हणजुणे (अंजुना), आसगाव, मांद्रे या पट्ट्यात झाडांखाली, जुन्या घरांच्या अंगणात चालणारे कॅफे आहेत. हणजुण्याचे आर्टजुना आणि बाबा ओ र्‍हम ही त्यातली जुनी जाणती नावं. अंडी, आंबट पिठाचा ब्रेड, फळं, चांगली कॉफी. बिल भाजी-पावाच्या कैक पट येतं आणि त्यात सावलीचं भाडंही असतं असं समजायचं. शनिवार-रविवारी आधी फोन करून टेबल राखा. एकदा मी सहा पाहुणे घेऊन रविवारी अकराला न सांगता गेले. ठिकाणाचं नाव सांगत नाही, पण पन्नास मिनिटांनी अंडी आली तेव्हा पोरं शेजारच्या टेबलावरच्या मांजराला भाऊ मानून बसली होती.

मला विचाराल तर ब्रंचसाठी मी पणजीतच फिरते. फोंताइन्हासमध्ये, पिवळ्या-निळ्या घरांच्या गल्लीत, १९३० पासूनची कॉन्फेतारिया ३१ द जनेइरो ही बेकरी आहे, आणि म्युनिसिपल गार्डनसमोर मिस्टर बेकर, जिच्या नावातच १९२२ हे साल आहे. बसून निवांत खाण्याची ही ठिकाणं नव्हेत. एकीकडे पॅटिस, दुसरीकडे बेबिंकेचा (थराथरांच्या गोड केकचा) तुकडा, असं कागदात घेत चालायचं. त्या गल्ल्यांत लोक राहतात, तेव्हा त्यांच्या दारात उभं राहून फोटो काढत खाऊ नका. तिथल्या रहिवाशांनी तशा पाट्याही लावल्या आहेत.

८. पंचांग पाहून निघा

गणेशचतुर्थी, म्हणजे इथली चवथ, आली की हिंदू मालकांचे कॅफे दीड दिवसापासून पाच दिवसांपर्यंत बंद असतात. बाजारही ओस. त्या दिवसांत गोव्याला यायचंच असेल तर कोणाच्या तरी घरी या. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे शॅक मोडून ठेवलेले असतात आणि उत्तरेकडचे पुष्कळ कॅफे ऑक्टोबरपर्यंत टाळं लावतात. भाजी-पाव मात्र पावसात उलट जास्त चवीचा लागतो, आणि आषाढ-श्रावणात रानातली अळमी निघाली तर एखाद्या कॅफेत त्यांचं टोनाक मिळून जातं. वारुळावर उगवणारी ही अळंबी. महाग असतात, आणि पाटीवर कधीच लिहिलेली नसतात. विचारावं लागतं.

नरकचतुर्दशीला पहाटे कोणी गोंयकाराने बोलावलं तर हॉटेलातली ठरलेली न्याहारी रद्द करून जा. गुळातले, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, तिखट असे तऱ्हेतऱ्हेचे फोव, म्हणजे पोहे, आणि सोबत उसळ असते. ते कुठल्याही कॅफेत मिळत नाही.

९. परतीचं पार्सल

निघायच्या दिवशी पोळ्या बांधून घ्या, पण प्लास्टिकमध्ये नको, घामेजतात. कागदात किंवा कापडात. दुसऱ्या दिवशी चामट झाल्या तर पाण्याचा हलका हबका मारून तव्यावर झाकण ठेवून गरम करा. पुण्यापर्यंत न्यायचंच असेल तर काकणं न्या. ती आठवडाभर टिकतात आणि चहात बुडवल्याशिवाय दातांनी तुटत नाहीत, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा.