कंट्रोल कुठून आणलेस?

एमएस्सीनंतर वर्षभर मी मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं रक्त गोळा करत फिरलो. रक्त गोठू न देणाऱ्या, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळ्या आणि बर्फ भरलेला मासळीचा थर्माकोलचा डबा. एसटीत शेजारी कुणी बसायचं नाही.

प्रश्न सरळ होता. कॉम्ट जनुक डोपामिन हे मेंदूतलं रसायन मोडणारं विकर (एन्झाइम) बनवतं. त्यातल्या १५८व्या जागी काहींत व्हॅलिन हे अमिनो आम्ल असतं, काहींत मेथिओनिन. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांपेक्षा, म्हणजे 'कंट्रोल'पेक्षा, रुग्णांमध्ये यातला एखादा प्रकार जास्त सापडतो का? सापडला की! पी ०.०३, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात तीन. त्या रात्री सुरमई झाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी एवढंच विचारलं, "कंट्रोल कुठून आणलेस?"

रुग्ण बहुतेक गाबीत आणि भंडारी घरांतले. कंट्रोल मुंबईच्या कॉलेजातली पोरं, कारण ती हाताशी होती. आपल्याकडे सोयरीक जातीतच, त्यातही ठरलेल्या गावांत. अशा दोन गटांत जनुकाच्या प्रकारांचं प्रमाण मुळातच वेगळं असू शकतं, आजार असो वा नसो. मग त्याच वाड्यांतले, त्याच वयाचे निरोगी लोक शोधले आणि माझा ०.०३ विरघळला. रुग्णांच्या आधी कंट्रोलची यादी करा.

डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलनेही फसवलं. मेथिओनिनच्या प्रकाराला एनएलए-थ्री हे डीएनए कापणारं एन्झाइम एक जादा काप देतं. काप अर्धवट राहिला की जनुकाच्या दोन्ही प्रती मेथिओनिनच्या असलेला माणूस मिश्र (एक प्रत व्हॅलिनची, एक मेथिओनिनची) दिसतो. म्हणून प्रकारांच्या प्रमाणावरून जोड्यांची अपेक्षित वाटणी सांगणारं हार्डी-वाइनबर्गचं गणित आधी मांडा: व्हॅलिनचं प्रमाण ०.६ असेल तर १०० जणांत साधारण ३६ दोन्ही व्हॅलिनचे, ४८ मिश्र, १६ दोन्ही मेथिओनिनचे अशी वाटणी हवी. माझा मधला आकडा फुगला होता. सगळे नमुने पुन्हा कापले.

आणि संख्या! २०१९ मध्ये नैराश्याशी जोडलेली १८ गाजलेली जनुकं प्रचंड नमुन्यांवर तपासली, तर ती इतर जनुकांहून सरस ठरली नाहीत. २०२२ च्या स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासात ७६,७५५ रुग्ण होते. डीएनएवर आजाराशी जोडलेल्या २८७ जागा मिळाल्या, बहुतेकींचा वाटा चिमूटभर. आमचे दोनशे कुठे पुरणार?

संमतीपत्र मात्र वाचून दाखवा, नुसतं पुढे सरकवू नका. वेंगुर्ल्यात एका मावशीने मुलाच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी विचारलं, "रगात घेवा, पण झील बरो होतलो मां?" माझ्या कागदावर 'संशोधनासाठी' एवढंच होतं. "नाय गो मावशी, ह्येचो त्येका उपयोग नाय," म्हटलं. ती थोडा वेळ डब्यातल्या बर्फाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घे तर. दुसऱ्याच्या झिलाक तरी व्हयत."